आदि, चय, गच्छ आणि भास्कराचार्य

दहावीत आपल्या गणिताच्या बाईंनी श्रेढीचा धडा सुरू केला तो दिवस आठवतो का? फळ्यावर सूत्र लिहिण्याआधी त्यांनी एक गोष्ट सांगितली होती. भास्कराचार्य नावाचे थोर ज्योतिषी होते. त्यांच्या लेकीच्या, लीलावतीच्या पत्रिकेत वैधव्याचा योग होता. तो टळावा म्हणून त्यांनी लग्नाचा अचूक मुहूर्त काढला आणि वेळ मोजायला घटिकापात्र मांडलं. लीलावती उत्सुकतेनं त्यात वाकून पाहू लागली. तिच्या अंगावरच्या दागिन्यातला एक मोती निसटून पात्रात पडला, भोक बुजलं आणि मुहूर्त टळून गेला. मग वडिलांनी तिच्या समाधानासाठी गणिताचं पुस्तक लिहिलं आणि त्याला तिचं नाव दिलं.

मुलांच्या बाकांवर नेहमीची खुसखुस चालू होती, पण मुलींची बाजू गप्प झाली होती. त्या वयात मी त्या गोष्टीतून एवढंच घेतलं, की लग्न झालं असतं तर लीलावतीला गणित शिकवायचं कुणाला सुचलंही नसतं. हे मी बाईंना कधी बोलले नाही. पुढे इंजिनिअरिंग केलं, बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, पण तो सल मनात राहिला.

यंदा माझी मुलगी दहावीत आहे. क्लासच्या नोट्समध्ये श्रेढीची दोन सूत्रं चौकटीत छापलेली आहेत. पदांच्या बेरजेच्या सूत्रात एनला दोननं का भागायचं, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, सूत्रच तसं आहे. बोलले आणि माझी मलाच लाज वाटली. त्या रात्री ना. ह. फडके यांचं ‘लीलावती पुनर्दर्शन’ हे जुनं पुस्तक कपाटातून काढलं आणि श्रेढीव्यवहार हे प्रकरण उघडलं. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे मिळालंच, शिवाय ते लिहिणाऱ्या माणसाचा शोध घ्यावासा वाटला. जे सापडलं ते या स्मरणिकेसाठी लिहिते आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इसवी सन १११४ चा. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथाच्या अखेरीस नोंदवून ठेवलं आहे. गोत्र शांडिल्य. राहण्याचं गाव विज्जडवीड, सह्य पर्वताच्या आश्रयाला वसलेलं. हे गाव नेमकं कोणतं यावर अभ्यासकांनी पुष्कळ वाद घातला आहे. कुणी बीड म्हणतं, कुणी विजापूर. पण या घराण्याचा सर्वात पक्का पुरावा सापडला तो आपल्या खानदेशात, चाळीसगावजवळच्या पाटण गावी. आज तिथे पाटणादेवीचं मंदिर आणि गौताळ्याचं अभयारण्य आहे. त्या पुराव्याकडे पुढे येते.

घरात विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची होती. पाच पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाला भोजराजाकडून विद्यापती ही पदवी मिळालेली. वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि पंडित. भास्कराचार्य शिकले ते त्यांच्याच हाताखाली, आणि तसं त्यांनी कृतज्ञतेनं लिहिलंही आहे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत: अंकगणिताची ‘लीलावती’, मग ‘बीजगणित’, ग्रहांच्या गतीचं ‘ग्रहगणित’ आणि पृथ्वी व आकाशाच्या गोलाचा ‘गोलाध्याय’. या ग्रंथावर ‘वासनाभाष्य’ नावाची टीकाही त्यांनीच लिहिली. इथे वासना म्हणजे उपपत्ती, अमुक नियम का चालतो त्याचं कारण. आम्ही प्रोग्रामर मंडळी कोड लिहितो आणि त्याचं स्पष्टीकरण पुढच्यावर सोडून देतो. भास्कराचार्यांनी श्लोकात नियम बसवला आणि त्यामागचं कारण गद्यात वेगळं लिहून ठेवलं.

त्यांची मोठी कामं थोडक्यात सांगते. दोन कोनांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या ज्येचे नियम त्यांनी दिले. ग्रहाची एका क्षणाची गती काढण्याचा विचार केला. ‘बीजगणिता’त चक्रवाल पद्धतीनं एक गणित सोडवलं: कोणत्या संख्येच्या वर्गाला ६१ नं गुणून एक मिळवला तर पुन्हा पूर्ण वर्ग मिळेल? त्याचं सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे. पाचशे वर्षांनी, १६५७ मध्ये, फ्रान्सच्या फर्मानं हाच ६१ चा प्रश्न युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला. याच ‘बीजगणिता’च्या शेवटी आचार्य म्हणतात की ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांचे ग्रंथ फार विस्तृत आहेत, म्हणून शिष्यांसाठी त्यांतलं सार आपण काढलं. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. एवढा मोठा गणिती, पण लिहिताना त्याच्यासमोर विद्यार्थी बसलेला आहे.

श्रेढीचंच पाहा. अंकगणिती श्रेढीची बेरीज करण्याचा नियम भास्कराचार्यांनी शोधलेला नाही. आर्यभटानं तो ४९९ मध्येच दिलेला आहे. आचार्यांची करामत दिसते ती मांडणीत.

आपण पाठ्यपुस्तकात ए, डी, एन अशी अक्षरं वापरली. ‘लीलावती’त त्यांना अर्थाची नावं आहेत. पहिलं पद म्हणजे आदि किंवा मुख. दर पावलाला होणारी वाढ म्हणजे चय. पदांची संख्या म्हणजे गच्छ. शेवटचं पद ते अन्त्यधन, मधलं ते मध्यधन आणि सगळ्यांची बेरीज ते सर्वधन.

प्रकरणाची सुरुवात एकपासून होते. एक ते नऊपर्यंतच्या प्रत्येक संख्येपर्यंतची बेरीज करायची: १, ३, ६, १०, असं करत ४५ पर्यंत. मग या बेरजांच्याही बेरजा: १, ४, १०, २०, असं करत १६५ पर्यंत. मग वर्गांची आणि घनांची बेरीज. हात बसला की श्रेढीतलं पहिलं उदाहरण येतं. एका माणसानं पहिल्या दिवशी चार द्रम्म दान केले आणि रोज पाच-पाच द्रम्म वाढवत गेला. पंधरा दिवसांत एकूण किती दिले? शेवटच्या दिवसाचे झाले ७४. पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची बेरीज ७८, तिचं निम्मं ३९. हे मध्यधन, म्हणजे बरोबर आठव्या दिवसाचं दान. ३९ गुणिले १५, सर्वधन ५८५.

माझ्या मुलीचं दोननं भागणं इथे होतं. मधल्या दिवसाच्या आधी जितकं कमी, तितकंच नंतर जास्त. म्हणजे पंधराही दिवस त्यानं ३९ द्रम्मच दिले असं धरलं तरी बेरीज तीच. दोन टोकांच्या मधोमध काय आहे ते शोधायचं, म्हणून दोननं भागायचं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती पटकन म्हणाली, पण दिवस चौदा असते तर मधला दिवस कुठून आणणार?

आणि मला खरोखर नवल वाटलं ते इथे. कारण आचार्यांचं लगेच पुढचं उदाहरण नेमकं हेच आहे. आदि सात, चय पाच, गच्छ आठ. पदं लिहून पाहा: ७, १२, १७, २२, २७, ३२, ३७, ४२. आठ पदांना मधलं पद नाही. तरी आचार्य मध्यधन विचारतात, आणि उत्तर येतं साडेचोवीस, २२ आणि २७ च्या मधोमध. आठनं गुणलं की १९६. साडेचोवीस हे श्रेढीत कुठेच नाही, पण बेरीज मात्र त्याच्याच आधारानं होते. मुलीला पडलेली शंका साडेआठशे वर्षांपूर्वी कुणीतरी हेरून ठेवली होती.

यानंतर ते एकेक गोष्ट झाकत जातात. आधी आदि झाकतात: सात पदांची बेरीज १०५, चय तीन, तर पहिलं पद कोणतं? मध्यधन १५, तीन पावलं मागे गेलं की सहा. मग चय झाकतात: शत्रूचे हत्ती पकडायला निघालेला राजा पहिल्या दिवशी दोन योजनं चालला आणि रोज सारखी वाढ करत सात दिवसांत ऐंशी योजनांवरच्या नगराला पोचला, तर रोजची वाढ किती? उत्तर येतं २२ सप्तमांश योजन. उत्तर अपूर्णांकात आलं तरी घाबरायचं नाही, हे विद्यार्थ्याला न बजावता शिकवलेलं आहे. वर्तुळाचा व्यवहारापुरता परीघ काढताना ‘लीलावती’त पुढे हाच अपूर्णांक पुन्हा भेटतो. शेवटी गच्छ झाकतात: पहिल्या दिवशी तीन द्रम्म, रोज दोनची वाढ, एकूण ३६०, तर दिवस किती? इथे वर्ग पूर्ण करावा लागतो. दिवसांची संख्या आणि तीहून दोननं मोठी संख्या यांचा गुणाकार ३६०. त्यात एक मिळवा, ३६१, म्हणजे १९ चा वर्ग. तेव्हा दिवस अठरा.

चार गोष्टींतल्या तीन द्यायच्या आणि चौथी विचारायची. आपल्या बाई तोंडी परीक्षेला हेच करायच्या. एक सूत्र पाठ करून चारही प्रश्न सुटत नाहीत, पण श्रेढी डोळ्यांसमोर दिसली की सुटतात.

माझ्या व्यवसायातला एक आनंद इथेच सांगून टाकते. श्रेढीव्यवहारातच पुढे दुपटीचं गणित आहे. पहिल्या दिवशी दोन कवड्या दान, रोज दुप्पट, महिनाभर. आचार्यांच्या हिशेबानं एक लाख चार हजार आठशे सत्तावन्न निष्क, नऊ द्रम्म, नऊ पण, दोन काकिणी आणि सहा कवड्या होतात. सगळ्याच्या कवड्या केल्या तर २,१४,७४,८३,६४६. प्रोग्रामिंग करणारा माणूस ही संख्या पाहून दचकेल. कॉम्प्युटरच्या ३२ बिटांत धन-ऋण चिन्हासकट मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या यापेक्षा फक्त एकनं मोठी आहे. म्हणजे ते दान आमच्या खात्यात जेमतेम मावतं आणि आणखी दोन कवड्या टाकल्या की हिशेब कोलमडतो. शिवाय तीस वेळा गुणाकार करत बसायचं नाही, गच्छ सम असेल तर निम्मा करून वर्ग मांडायचा, विषम असेल तर एक वजा करून गुणक मांडायचा, ही त्यांनी दिलेली युक्ती आम्ही आजही जशीच्या तशी वापरतो.

‘सिद्धान्तशिरोमणी’नंतर तेहेतीस वर्षांनी, ११८३ मध्ये, एकोणसत्तराव्या वर्षी त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्याला ग्रहांचं गणित सोप्या रीतीनं करता यावं म्हणून लिहिलेला हा ग्रंथ. म्हणजे सत्तरीच्या उंबरठ्यावरही त्यांचं काम तेच होतं: अवघड गोष्ट पुढच्या माणसाच्या हाती सोपी करून देणं.

आता लीलावतीबद्दल. मोत्याची ती गोष्ट ‘लीलावती’त कुठेही नाही. ती आपल्याला मिळाली अकबराच्या दरबारातल्या फैजीकडून. त्यानं १५८७ मध्ये ग्रंथाचं फारसी भाषांतर केलं आणि प्रस्तावनेत ही कथा घातली. मूळ ग्रंथानंतर ४३७ वर्षांनी. पुस्तकात लीलावती आहे, पण वेगळी. बेरीज-वजाबाकीच्या अगदी पहिल्या गणितात ती येते: दोन, पाच, बत्तीस, एकशे त्र्याण्णव, अठरा, दहा आणि शंभर यांची बेरीज कर आणि ती दहा हजारांतून वजा कर. तिथे आचार्य तिला बुद्धिमती म्हणून हाक मारतात. पुढे एका गणितात तिच्या हरणासारख्या डोळ्यांचंही कौतुक आहे, कारण शेवटी ते संस्कृत काव्य आहे. काही गणितं मित्राला घातलेली आहेत, काही गणकाला, आदि विचारणारं ते १०५ चं गणित मुलाला. या साऱ्यांच्या रांगेत लीलावती बसलेली आहे आणि तिला घातलेलं गणित दया म्हणून सोपं केलेलं नाही.

ती त्यांची लेक होती का, हे ग्रंथावरून सांगता येत नाही, आणि मला आता त्याची फारशी गरजही वाटत नाही. बाईंनी गोष्ट सांगितली ती आमचं लक्ष वेधायला, आणि ते वेधलं गेलं. पण दहावीतल्या त्या गप्प बसलेल्या मला कुणीतरी पुस्तकातलं ते पहिलं गणितही दाखवायला हवं होतं. माझ्या मुलीला मी गोष्ट नंतर सांगितली, गणित आधी.

राहिला तो पाटणचा पुरावा. भास्कराचार्यांचा मुलगा लक्ष्मीधर. त्याची विद्वत्ता पाहून यादव राजा जैत्रपाळानं त्याला पाटणहून आपल्याकडे नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. लक्ष्मीधराचा मुलगा चांगदेव हा सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला. या नातवानं पाटणला एक मठ काढला. पूजाअर्चेसाठी नव्हे, तर आपल्या आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. सोप्या भाषेत, शाळा काढली. निकुंभ घराण्यातल्या सोईदेवानं १२०७ मध्ये तिला देणगी दिली. हे सगळं ज्या शिलालेखात कोरलं आहे तो मुंबईचे डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनी शोधला आणि १८६५ मध्ये प्रसिद्ध केला.

लेखातले श्लोक संस्कृत आहेत, पण शेवटच्या काही ओळी चक्क जुन्या मराठीत आहेत. मठाला कुठून काय मिळणार ते त्यांत लिहिलं आहे. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा राजाचा काही हिस्सा मठाला. घाण्यांवरून पळीपळीनं तेल. मला वाटतं, हा भाग मराठीत आला तो ज्यांनी द्यायचं त्या व्यापाऱ्यांना आणि तेल्यांना कळावा म्हणूनच. वंशावळ आणि कीर्ती पंडितांसाठी, शाळेचा खर्च मात्र सगळ्यांना समजेल अशा भाषेत.

त्या मठात कोण शिकलं त्यांची नावं उरलेली नाहीत. पण ग्रंथ थांबला नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. १८१७ मध्ये कोलब्रूकनं इंग्रजी भाषांतर केलं. आणि ‘श्रेढी’ हा शब्द तर साडेआठशे वर्षं चालत आपल्या दहावीच्या पुस्तकापर्यंत आलाच.

या मेळाव्याच्या निमित्तानं आपण शाळेसाठी निधी जमवतो आहोत. ग्रुपवर बरीच चर्चा झाली की एकदाच मोठी रक्कम द्यावी की थोडी थोडी. मी पळीभर तेलाच्या बाजूची आहे. म्हणून आचार्यांच्या वळणाचं एक गणित घालते. बाई, तुम्हीही हजर असाल, उत्तर तपासायला. एका माजी विद्यार्थिनीनं मेळाव्याच्या वर्षी शाळेला पाचशे रुपये दिले आणि पुढे दरवर्षी पन्नास रुपये वाढवत गेली, तर दहा वर्षांत सर्वधन किती? गच्छ सम आहे, तेव्हा मधलं वर्ष शोधत बसू नका.